अश्रुपिंड, त्याचे विकार व त्यांची परीक्षा

डोळ्यांत पाणी येणे ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, ते पाणी येते कोठून, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात उद्भवत नाही. गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी उभे राहिले, उसाच्या फडात पाचटाचे कुसळ डोळ्यात गेले, घरी कांदा चिरला, अथवा परीक्षेचा निकाल मनासारखा लागला नाही की डोळे भरून येतात, आणि थोड्या वेळाने आपोआप कोरडे होतात. बिद्रीसारख्या ऊसपट्ट्यातील गावात तर गळिताच्या हंगामात डोळे पुसणारी माणसे पावलोपावली भेटतात. परंतु ज्या लहानशा पिंडातून हे पाणी झरते, तो पिंडच बिघडला तर काय होते, आणि तो कशाने बिघडला हे वैद्य कसे ओळखतात, याविषयी आपल्या भाषेत फारसे वाचावयास मिळत नाही. म्हणून विद्यार्थिमित्रांसाठी व त्यांच्या आईवडिलांसाठी प्रस्तुत लेखात ही माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे. विषय किंचित कठीण आहे. पण शरीरशास्त्राचे शाळेतील धडे ज्यांनी लक्षपूर्वक वाचले आहेत त्यांना तो अवघड वाटू नये.

प्रथम पिंडाचे स्थान पाहू. आरशापुढे उभे राहून भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली बोट ठेवावे. तेथे हाडाची कडा लागते. त्या कडेच्या आतल्या अंगास कपाळाच्या हाडात एक उथळ खोबण आहे आणि तीत अश्रुपिंड बसलेला आहे. त्याचा आकार बदामाएवढा. लांबी सुमारे २० मिलिमीटर, रुंदी १२ व जाडी ५. वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूची कंडरा त्यास एका बाजूने दाबते, त्यामुळे त्याचे मोठा व धाकटा असे दोन खंड पडतात. त्यांतून दहाबारा सूक्ष्म नलिका निघून वरच्या पापणीच्या आत उघडतात. निरोगी माणसात हा पिंड बोटास लागत नाही. लागू लागला, तर त्याची विचारपूस केली पाहिजे, एवढे येथेच लक्षात ठेवावे.

अश्रू मेंदूतून पाझरतात, अशी पूर्वी युरोपातील विद्वानांचीही समजूत होती. नील्स स्टेन्सेन नावाच्या एका डेन्मार्कच्या तरुणाने जनावरांची डोकी सोडवून पाहता पाहता या नलिका शोधून काढल्या आणि १६६२ साली आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच गृहस्थ पुढे खडकांच्या थरांचा अभ्यास करून भूगर्भशास्त्राचा एक आद्य प्रवर्तक ठरला. पुस्तकातील मत व हातातील वस्तू यांचे पटेना, तेव्हा त्याने वस्तूवर विश्वास ठेविला. पुढे जे सांगावयाचे आहे त्याचे बीजही यातच आहे.

अश्रू म्हणजे केवळ खारे पाणी नव्हे. १९२१ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यास नाकातील शेंबडात, व पुढे अश्रूंतही, जंतूंना विरघळवून टाकणारे एक द्रव्य आढळले. त्यास त्याने लायसोझाइम असे नाव दिले. या प्रयोगांसाठी सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाच्या सालीचा रस उडवून तो अश्रू गोळा करीत असे! पेनिसिलीनचा त्याचा जगप्रसिद्ध शोध यानंतरचा, म्हणजे १९२८ सालचा.

आता शेतकऱ्याच्या मुलांस समजेल असा दृष्टांत घेऊ. अश्रुपिंड ही विहीर, बुबुळ हे शेत, पापणी ही पाणी सर्वत्र फिरविणारी, आणि नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यातील दोन बारीक छिद्रे ही निचऱ्याच्या चराची तोंडे होत. त्या छिद्रांतून पाणी अश्रुकोशात व तेथून नाकात उतरते. रडताना नाक वाहते ते यामुळेच. शेतात पाणी तुंबले तर त्यास दोन कारणे संभवतात: विहिरीचे पाणी फार आले, किंवा चर बुजला. डोळ्यांच्या बाबतीत पुष्कळ वेळा चरच बुजलेला असतो. तान्ह्या मुलाचा एक डोळा सारखा वाहतो, तेव्हा नलिकेच्या खालच्या टोकाशी एक पातळ पडदा राहिलेला असतो. तो बहुधा पहिल्या वर्षाच्या आत आपोआप उघडतो, आणि कोपरा कसा चोळावा हे डॉक्टर आईस दाखवितात. प्रौढ माणसाच्या नाकाजवळच्या कोपऱ्यात सूज येऊन पू निघतो तो अश्रुकोशाचा विकार होय, पिंडाचा नव्हे. हा भेद ध्यानात ठेवावा: कोशाची सूज नाकाच्या बाजूस, पिंडाची सूज कानाच्या बाजूस व वर. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की, विहीर आटली असताही डोळा वाहू शकतो. बुबुळ कोरडे पडून चरचरू लागले म्हणजे उरलासुरला पिंड चिडून एकदम पाणी सोडतो. म्हणून ‘डोळ्यांतून पाणी येते’ असे सांगणाऱ्या माणसाचे डोळे वस्तुतः कोरडे असू शकतात.

विहीर आटली आहे काय, हे पाहण्याची युक्ती फार सोपी आहे. १९०३ साली ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने ती सुचविली. टीपकागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीत अडकवितात आणि पाच मिनिटांनी ती किती भिजली ते मोजतात. १० मिलिमीटरांहून अधिक भिजली तर बहुधा चिंता नसते. ५ हून कमी भिजली तर पिंडाचे काम मंदावले आहे असे समजतात. परंतु पट्टी पाणी कमी आहे एवढेच सांगते. ते का कमी आहे, अथवा पिंड का सुजला आहे, हे ती सांगत नाही. त्यासाठी पिंडाच्या ऊतकाकडेच वळावे लागते.

ऊतक म्हणजे एका कामासाठी एकत्र विणलेल्या पेशींचा समुदाय. निरोगी अश्रुपिंडाचा पातळ छेद सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ठेवला असता द्राक्षांच्या घोसासारखी रचना दिसते. प्रत्येक मण्याभोवती पाणी स्रवणाऱ्या पेशींचे कडे, मध्ये बारीक पोकळी, तेथून निघालेली नलिका, आणि मण्यांच्या मधल्या जागेत विरळ धागे व थोड्या रक्षक पेशी. असा छेद तयार करणे हीही एक कलाच आहे. पिंडाचा काढलेला तुकडा प्रथम फॉर्मालिनमध्ये ठेवितात, म्हणजे तो सडत नाही. मग अल्कोहोलने त्यातील पाणी काढून घेऊन त्यात वितळलेले मेण भरतात. मेणाची लादी थिजली म्हणजे एका धारदार यंत्राने तिचे तीनपासून पाच सहस्रांश मिलिमीटर जाडीचे पापुद्रे काढितात व काचपट्टीवर पसरून रंगवितात. निळसर रंग हिमॅटॉक्सिलीनचा. तो मेक्सिकोकडील एका झाडाच्या लाकडातून निघतो. गुलाबी रंग इओसीनचा. पेशींची केंद्रे निळी व बाकीचा भाग गुलाबी झाला म्हणजे जाणत्या डोळ्यास ती पट्टी पुस्तकाप्रमाणे वाचता येते.

या वाचनाची विद्या आपल्या प्रांतात रुजविणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. त्यांचा जन्म १८९५ चा. लंडनास विकृतिशास्त्राचा अभ्यास करून ते मुंबईस परतले, तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले, आणि १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. कर्करोग व कुष्ठरोग यांवरील त्यांचे संशोधन प्रसिद्धच आहे. आज गावोगावचे डॉक्टर ‘तुकडा तपासणीस पाठवू’ असे सहज म्हणतात, त्यामागे अशा माणसांचे परिश्रम आहेत.

आता विकारांकडे येऊ. मुलांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे पिंडाचा तीव्र दाह. गालगुंड झालेल्या मुलाची लालापिंडे सुजतात हे सर्वांस ठाऊक आहे. तोच विषाणू क्वचित अश्रुपिंडासही सुजवितो. वरच्या पापणीचा बाहेरचा भाग लाल होऊन लोंबतो, व पापणीची कडा आडव्या ठेवलेल्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळणदार दिसते. दुखते पुष्कळ, परंतु दुखणे थोड्या दिवसांचे असते. येथे तुकडा काढण्याचे बहुधा कारण पडत नाही. पू झाला, ताप राहिला, किंवा नजर अंधुक झाली तर मात्र विलंब करू नये.

दीर्घकाळ टिकणारा दाह निराळा. त्यात क्षयरोग आपल्या देशात अजूनही विचारात घ्यावा लागतो. क्षयाच्या छेदात पेशींची वर्तुळाकार जमाव-छावणी दिसते. तीस ग्रॅन्युलोमा म्हणतात. तिच्या मध्यभागी ऊतक मरून खव्यासारखे झालेले असते व भोवती अनेक केंद्रांच्या राक्षसी पेशी असतात. सार्कॉइड नावाच्या दुसऱ्या एका रोगात छावणी तशीच, पण मध्ये खवा नसतो. एकास जंतुनाशक औषधे महिनोगणती द्यावयाची, दुसऱ्यास स्टेरॉइड. उलट केले तर क्षयाचे जंतू मोकाट सुटतील. बाहेरून मात्र दोन्ही पापण्या सारख्याच सुजलेल्या!

बाह्य रूप किती फसवे असते याचा इतिहासप्रसिद्ध दाखला एका शेतकऱ्याचाच आहे. १८८८ साली योहान मिकुलिक्झ या शल्यवैद्याने कनिग्सबर्ग येथील वैद्यांच्या सभेपुढे पूर्व प्रशियातील एका ४२ वर्षांच्या शेतकऱ्याची हकीकत मांडली. त्याचे दोन्ही अश्रुपिंड व गालाजवळची लालापिंडे हळूहळू, फारशी न दुखता, इतकी वाढली होती की त्यास पाहण्याखाण्यास अडचण होऊ लागली. १८९२ साली ही हकीकत छापून आली व त्या रोगास मिकुलिक्झचे नाव पडले. पुढे १९३३ साली स्वीडनमध्ये हेन्रिक श्योग्रेन याने १९ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे डोळे कोरडे पडले होते, तोंड कोरडे पडत होते, आणि त्यांपैकी पुष्कळ जणींना संधिवात होता. १९५३ साली अमेरिकेतील मॉर्गन व कॅसलमन या दोन विकृतितज्ज्ञांनी दोन्ही रोगांचे छेद शेजारी ठेवून पाहिले. दोहोंत लसिकापेशींची दाटी. तेव्हा हे दोन्ही एकच होत, असा निर्णय त्यांनी दिला, आणि सुमारे अर्धशतक तो मान्य झाला.

पण प्रकरण तेथे मिटले नाही. २००१ साली जपानातील संशोधकांना स्वादुपिंडाच्या एका चिवट दाहात रक्तातील ‘आयजीजी-चार’ नावाचे प्रथिन फार वाढलेले आढळले. थोड्याच वर्षांत तेथीलच वैद्यांनी मिकुलिक्झचे रोगी तपासले. तेथेही तेच प्रथिन वाढलेले, श्योग्रेनच्या रोग्यांत मात्र नाही. आता छेदांना विशेष रंग देऊन पाहू लागले, तो आयजीजी-चार निर्माण करणाऱ्या प्लाझ्मा पेशींची गर्दी दिसली. अश्रुपिंडाच्या बाबतीत सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या केलेल्या क्षेत्रात अशा शंभराहून अधिक पेशी असाव्यात, असा संकेत २०१२ साली तज्ज्ञांनी ठरविला. जोडीस चटईच्या विणीसारखे तंतूही असतात. अश्रुपिंडात ते नेहमीच स्पष्ट दिसत नाहीत. म्हणजे जुन्या यंत्राने जे दोन रोग एक केले होते ते नव्या रंगाने पुन्हा वेगळे झाले. हा केवळ नावांचा वाद नव्हे. आयजीजी-चारच्या रोगात स्टेरॉइडने पिंड झपाट्याने ओसरतात. श्योग्रेनच्या रोगात पिंड हळूहळू नष्ट होत जातात, कृत्रिम अश्रूंचे थेंब आयुष्यभर घालावे लागतात, आणि लसिकापेशींच्या कर्करोगावर डोळा ठेवावा लागतो. श्योग्रेनच्या निदानासाठी अश्रुपिंडास हात न लावता खालच्या ओठाच्या आतून बारीक लालापिंडे काढतात. चार चौरस मिलिमीटर जागेत पन्नास किंवा अधिक लसिकापेशींचा एक पुंजका सापडला म्हणजे पुरावा मिळतो. डोळ्याच्या रोगाचे उत्तर ओठात मिळावे, ही गोष्ट विद्यार्थ्यांस मौजेची वाटेल.

याहून गंभीर भाग गाठींचा. यांपैकी दोन ओळखून असाव्यात; एक सौम्य, दुसरी घातक.

सौम्य गाठ मिश्र जातीची असते. तिच्या छेदात नलिकांसारख्या पेशींच्या दुहेरी रांगा आणि मध्ये बुळबुळीत, क्वचित कूर्चेसारखा भाग, असे मिश्रण असते. ती बहुधा मध्यम वयात, एकाच बाजूस, वर्षावर्षाने वाढते, दुखत नाही. डोळा हळूहळू खाली व नाकाकडे ढकलला जातो, तो इतक्या सावकाश की घरच्यांच्या लक्षात येत नाही. म्हणून चतुर डॉक्टर रोग्यास लग्नातला फोटो आणावयास सांगतात, आणि कित्येकदा त्या फोटोतच आरंभ सापडतो. गाठीच्या दाबाने हाडात गुळगुळीत खळगा पडतो, तो सी.टी. चित्रात दिसतो. अशा गाठीचा नुसता तुकडा काढणे हेच धोक्याचे, असे नेत्रशल्यवैद्य मानीत आले आहेत. तिच्या वेष्टनास चीर पडली की पेशी बाहेर सांडतात व शेतात हरळीची एक काडी राहावी तशा पुन्हा रुजतात. फाँट व गॅमेल यांनी १९७८ साली जमा केलेल्या हकीकतींत, वेष्टनासह सबंध काढलेल्या गाठी पाच वर्षांत शेकडा ३ रोग्यांत उलटल्या. आधी चीर देऊन तुकडा काढला होता तेथे शेकडा ३२ रोग्यांत. उलटलेली गाठ पुढे घातक रूपही घेऊ शकते. सुईने किंवा तुकड्याने तपासून लगेच योग्य शस्त्रक्रिया केल्यास धोका तितका नसतो, असे अलीकडे काही तज्ज्ञ म्हणतात. पण तो निर्णय अनुभवी हाताने घ्यावयाचा आहे.

घातक गाठीची तऱ्हा उलट. ती महिन्यामहिन्याने वाढते आणि दुखते. कारण तिच्या पेशी मज्जातंतूंच्या वेष्टनाची वाट धरतात. बांधातील खेकड्याच्या बिळातून पाणी पुढे सरकावे, तशा त्या दिसणाऱ्या गाठीच्या पलीकडे दूर पोहोचलेल्या असतात. छेदात पेशींचे गोळे चाळणीप्रमाणे भोके भोके पडलेले दिसतात. हाड गुळगुळीत खळगत नाही, कुरतडले जाते. येथे प्रथम तुकडा काढून खात्री करणे अवश्य असते, कारण पुढचे उपचार मोठे आहेत: शस्त्रक्रिया, किरणोपचार, आणि कधी डोळ्यासकट खोबणीतील सर्व भाग काढणे. इतके करूनही ही गाठ पुष्कळ वर्षांनी परत येऊ शकते.

म्हणजे पहा, एका गाठीस तुकडा काढू नये, दुसरीस काढल्याविना राहू नये. आणि दोन्ही भुवईखाली त्याच जागी! कोणती कोणती आहे हे सुरी उचलण्यापूर्वीच ठरवावे लागते. ते ठरते दोन साध्या प्रश्नांवर: सूज केव्हापासून आहे, आणि दुखते काय? सी.टी. व एम.आर.आय. नंतर येतात. हे दोन प्रश्न रोग्यास विचारले जातात, त्यांची उत्तरे यंत्र देत नाही. म्हणून घरच्या माणसांनी ती नीट आठवून, शक्य तर तारखेनिशी, सांगितली पाहिजेत. ‘असेच, बरेच दिवस झाले’ या उत्तराने डॉक्टरांचे अर्धे काम अडते.

वृद्धांत आणखी एक प्रकार आढळतो, तो लसिकापेशींच्या गाठींचा. या गाठी मऊ व बहुधा न दुखणाऱ्या असून डोळ्याच्या गोलाभोवती साच्याप्रमाणे पसरतात; हाड सहसा खात नाहीत. किरणोपचाराने त्यांतील पुष्कळशा चांगल्या आवरतात. यांविषयी एकच सूचना महत्त्वाची आहे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी या गाठीही काही काळ उतरतात. दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी सूज गेली, म्हणून तो साधा दाहच होता असे सिद्ध होत नाही. उलट नंतर काढलेल्या तुकड्यात रोगाच्या खुणा पुसट झालेल्या असतात, आणि वाचणाऱ्याची फसगत होते.

आपल्याकडे पापणी सुजली की प्रथम एरंडेल, काजळ, कोणाचे तरी अंगावरचे दूध, किंवा शेजाऱ्याच्या घरातील उरलेले थेंब, असा क्रम चालतो. यामागची माया आम्हांस समजते. परंतु डोळा ही उपायांची चाचणी करण्याची जागा नव्हे. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेस रुग्णालय उघडले, त्या काळी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी लोक लांबलांबच्या खेड्यांतून तेथे जात. आज मिरजेस १९६२ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. बिद्रीहून कोल्हापूरची एस.टी. दिवसातून अनेकदा मिळते. पापणीच्या बाहेरच्या भागात तीन आठवड्यांहून अधिक टिकलेली सूज, एक डोळा दुसऱ्याहून खाली दिसणे, एका वस्तूच्या दोन दिसणे, रात्री झोपमोड करणारे दुखणे, यांपैकी काहीही असले तर नेत्रवैद्यास दाखवावे. जाताना जुने फोटो न्यावेत, घेतलेल्या औषधांची वेष्टने न्यावीत.

आणि पूर्वी कोठे तुकडा तपासला असेल, तर नुसता कागदी अहवाल पुरेसा समजू नये. प्रयोगशाळेत ती मेणाची लादी व रंगविलेल्या काचपट्ट्या जपून ठेवलेल्या असतात आणि अर्ज केल्यास रोग्यास मिळू शकतात. मोठ्या रुग्णालयातील विकृतितज्ज्ञ त्याच लादीचे नवे पापुद्रे काढून नवे रंग देऊ शकतात, रोग्यास पुन्हा सुरीखाली न जावे लागता. मेणातील ऊतक वर्षानुवर्षे टिकते. २००१ नंतर आयजीजी-चारचा रंग हाती आल्यावर जुन्या कपाटांतील कित्येक लाद्या पुन्हा बाहेर निघाल्या, आणि त्यांतील काहींची नावे बदलली.